अंतर भागिले वेग म्हणजे विमानप्रवासाचा वेळ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीची तिकिटे काढण्याचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून परदेशप्रवासाची माहिती येऊ लागते. आपल्या पुरवणीतही मुंबईपासून जगातील मोठ्या शहरांचे अंतर आणि तेथवर विमानाला लागणारा वेळ सांगणारा तक्ता नुकताच प्रसिद्ध झाला. कोकणच्या किनाऱ्यावर असा तक्ता केवळ कुतूहलापोटी वाचला जात नाही. मंडणगड-दापोलीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत घरातले कोणी ना कोणी आखातात, बोटीवर, नाहीतर अमेरिकेत-इंग्लंडात आहे अशी घरे गावोगाव आहेत. असा तक्ता कापून कपाटाच्या दाराला चिकटवणारे आणि त्यावरून मुलगा किती वाजता उतरला असेल, फोन केव्हा यायला हवा, याचा हिशेब करणारे वाचक आपल्याला इकडे पुष्कळ आहेत. म्हणूनच त्या तक्त्यातील वेळेचा रकाना ज्या रीतीने भरला गेला आहे, त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

तक्त्यात मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर व ८ तास, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर व १५ तास आणि मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर व २ तास ९ मिनिटे असे आकडे आहेत. अंतरांबद्दल माझी तक्रार नाही. ती बरोबर आहेत. वेळ मात्र कोणत्याही विमान कंपनीच्या वेळापत्रकातून घेतलेला दिसत नाही. प्रत्येक अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून जे उत्तर आले तेच पुढच्या रकान्यात बसवले आहे, आणि दुबईच्या ओळीतली ती नऊ मिनिटे ही त्याची खूण आहे. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला थेट विमानाने आठ तासांत कोणी पोचत नाही. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. दुबईसाठी वेळापत्रकात जातानाचा वेळ सव्वातीन तासांच्या आगेमागे असतो आणि येताना त्याहून काहीसा कमी. म्हणजे दोन तास नऊ मिनिटांचा हिशेब धरून विमानतळावर घ्यायला गेलेला भाऊ तासभर दाराशी तिष्ठत राहणार, आणि गावाकडे फोनची वाट पाहणाऱ्या आईचा जीव तेवढा वेळ टांगणीला लागणार.

ताशी ९०० हा आकडा मुळात खोटा नाही. दहा ते बारा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे पन्नास अंशांच्याही खाली असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो आणि लांब पल्ल्याची मोठी विमाने त्याच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडतात. पण हा वेग आजूबाजूच्या हवेच्या संदर्भातला आहे, जमिनीच्या संदर्भातला नव्हे. आणि ती हवा स्वतः एका जागी उभी नसते. शिवाय विमान सुटल्या क्षणापासून उतरेपर्यंत या वेगाने जात नाही, आणि तक्त्यातल्या सरळ रेषेवरूनही जात नाही. शाळेतले त्रैराशिक इथे तीन ठिकाणी अडखळते.

आधी अंतराकडे पाहू. मी नोकरीची सारी वर्षे बोटीवर काढली, त्यामुळे या विषयाशी माझा संबंध कागदोपत्री नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. म्हणजे पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या पातळीने गोलाच्या पृष्ठावर जे वर्तुळ उमटते, त्याच्या कमानीवरून. महासागर ओलांडताना बोटीचा मार्ग याच तत्त्वावर आखतात आणि विमानाचाही. भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहून मात्र याची कल्पना येत नाही. तो बहुधा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेला असतो. ती पद्धत खलाशांना दिशा धरता यावी म्हणून निघाली. तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसू लागते, वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को रेघ ओढली तर ती अटलांटिकवरून किंवा पॅसिफिकवरून जाते, आणि दोन्ही रेघा चुकतात.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शाळेच्या कपाटातला पृथ्वीचा गोल काढावा, शिवणाच्या रिळातल्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि दोरा हळूहळू ताणावा. तो आपणहून वर सरकतो. मध्य आशिया, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर सुमारे ७६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायला पूर्वेला किंवा पश्चिमेला नव्हे, तर जवळजवळ सरळ उत्तरेला निघावे लागते, हे मुलांना त्या दोऱ्यावरून जितके पटते तितके पुस्तकातल्या व्याख्येवरून पटत नाही. १३,५०० किलोमीटर ही त्या ताणलेल्या दोऱ्याची लांबी आहे. जाता जाता हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे की पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने कोणत्याही दोन शहरांमधले अंतर त्याच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे २०,००० किलोमीटरपेक्षा, जास्त असूच शकत नाही. कुठे त्याहून मोठा आकडा छापलेला दिसला तर तो अंतराचा नसून आडवळणाच्या मार्गाचा असतो.

विमानाला मात्र त्या दोऱ्यावरून जाण्याची मुभा क्वचितच मिळते. खालच्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपले हवाई क्षेत्र बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्या काळात एका भारतीय कंपनीच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधन भरण्यासाठी वाटेत दोहाला उतरावे लागत असे. एप्रिल २०२५ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचा वेळ वाढला. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना झाले नाही. परिणामी एकाच दोन शहरांमधला प्रवास कोणत्या देशाच्या कंपनीचे तिकीट आहे त्यावर लांबू लागला. याखेरीज दोनच इंजिने असलेल्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेत सतत आवाक्यात ठेवावा लागतो. ध्रुवाजवळच्या कडाक्याच्या थंडीत इंधन गोठण्याच्या मर्यादेकडेही लक्ष द्यावे लागते. तक्त्यातल्या दोन शहरांमधली रेघ अशा किती कारणांनी वाकते ते तक्त्यात दिसत नाही. तेवढी जागा तिथे नसते हे मलाही समजते.

या सगळ्यापेक्षा मोठा वाटा वाऱ्याचा आहे, आणि तोच आपल्या तक्त्यातून संपूर्ण वगळला गेला आहे. साधारण विमानाच्याच उंचीवर, मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांना त्यांचा तडाखा बसला तेव्हा बाकीच्या जगाचे त्यांच्याकडे नीट लक्ष गेले. हिवाळ्यात या पट्ट्यांतला वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. ६,००० किलोमीटरच्या टप्प्यावर सरासरी १०० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ताशी ९०० ने उडणारे विमान जमिनीच्या हिशेबाने ८०० ने जाते आणि साडेसात तास घेते. तोच वारा पाठीशी असेल तर १,००० ने जाते आणि सहा तासांत पोचते. एकाच मार्गावर, एकाच विमानाला, जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक पडतो. जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघतो असेही नाही. वारा अजिबात नसता तर दोन्ही खेपा मिळून १३ तास २० मिनिटांत झाल्या असत्या. वाऱ्यामुळे साडेतेरा तास लागतात. ज्यांना खिडकीजवळची जागा मिळत नाही त्यांनी समोरच्या आसनामागचा छोटा पडदा पाहावा. त्यावर जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवलेला असतो, आणि जानेवारीत आखातातून मुंबईकडे येताना तो आकडा ९०० च्या बराच वर चढलेला दिसतो.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या थेट सेवेचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. एअर इंडियाने ती डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकच्या बाजूने जात असे. सुमारे १३,९०० किलोमीटरचा तो मार्ग साधारण सोळा तास घेई. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून नेले. मार्ग लांबून सुमारे १५,३०० किलोमीटर झाला आणि वेळ उतरून साडेचौदा तासांवर आला. १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरीही दीड तास कमी! पहिल्या मार्गावर जमिनीच्या संदर्भातली सरासरी ताशी ८७० च्या घरात पडते, दुसऱ्यावर १,०५० च्या. हा सगळा फरक पाठच्या वाऱ्याचा. याच दोन शहरांमधले गोलावरचे अंतर विचाराल तर ते सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. मग तक्त्यात यांपैकी कोणता आकडा छापायचा, आणि त्याला ९०० ने भागून जे येते ते कोणाच्या उपयोगाचे? आमच्याकडचे शिडाच्या काळातले मच्छीमार पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होडी बाहेर काढीत आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर ती किनाऱ्याला आणीत. अंतर किती यापेक्षा वारा कोणता हे त्यांना आधी पाहावे लागे. पॅसिफिकवरून विमान नेण्याच्या निर्णयात याहून वेगळे शहाणपण नाही.

पावसाळ्याचा विचार तर आपण, अरबी समुद्राच्या काठी राहणाऱ्यांनी, वेगळा करायलाच हवा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा पश्चिमी जेट प्रवाह मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि दक्षिण भारताच्या वर, बरेच उंचावर, उलट दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात याचा अभ्यास केला आणि आज मान्सूनच्या कोणत्याही पुस्तकात तो असतो. त्याचा पुरावा पाहायला पुस्तक लागत नाही. जुलैत पावसाने उघडीप दिली की विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून वर पाहावे: खालचे काळे ढग नैर्ऋत्येकडून सह्याद्रीकडे धावत असतात, आणि त्यांच्यामधल्या फटींतून दिसणारे खूप उंचावरचे पिसासारखे पांढरे ढग नेमके उलटे, घाटाकडून समुद्राकडे सरकत असतात. मुंबईहून आखाताकडे निघालेले विमान त्या वरच्या थरांच्या जवळपास उडत असल्यामुळे हिवाळ्यात त्याला जो समोरचा वारा अडवतो तो पावसाळ्यात बराच ओसरतो, कधी कधी पाठीशीही येतो. दुबईच्या ओळीत बारा महिने एकच आकडा छापणे त्यामुळेही योग्य नाही.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तक्त्याखालच्या टिपेत तो छापला गेला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोचते, असे त्या टिपेत म्हटले आहे. खाली पृथ्वी फिरते आणि विमान वर थांबून राहते, अशी काहीशी ती कल्पना आहे. प्रत्यक्षात वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. तसे ते फिरत नसते तर देवगडच्या किनाऱ्यावर रात्रंदिवस ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाचा वारा सुटलेला असता, कारण या अक्षांशावर जमीन त्या वेगाने पूर्वेला सरकत असते. शिवाय अनुभव टिपेच्या बरोबर उलट आहे: लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाताना वेळ जास्त लागतो आणि मुंबईला परतताना कमी.

तिकिटावरच्या घड्याळाचा घोळ त्यात आणखी भर घालतो. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची आणि उतरण्याची वेळ उतरणाऱ्या गावची असते. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दीड वाजता निघालेले थेट विमान त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरले, आणि परतीचे विमान तिथून सकाळी साडेअकराला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आले. नुसती वजाबाकी करणाऱ्याला जायला सहा तास आणि यायला चोवीस तास लागले असे वाटेल. पण न्यूयॉर्कचे घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेनऊ तास मागे असल्याने जातानाचा प्रवास साडेपंधरा तासांचा आणि येतानाचा साडेचौदा तासांचा ठरतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात आणि हा फरक साडेदहा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा साडेनऊवर येतो. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो आणि लंडनशी आपला फरक साडेचार किंवा साडेपाच तास राहतो. आखातातली घड्याळे बदलत नाहीत, दुबई बारा महिने दीड तास मागे. एवढी तीन-चार वाक्ये तक्त्याखाली आली असती तर त्या चुकीच्या टिपेपेक्षा वाचकांच्या कितीतरी अधिक कामी आली असती.

वेळापत्रकात छापलेला वेळ हा निव्वळ उडण्याचा नसतो, हेही सांगायला हवे. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून उतरल्यानंतर पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्यात कंपन्या खोळंब्यासाठी थोडी सैलही सोडून ठेवतात, जेणेकरून विमान वेळेवर आल्याची नोंद करता यावी. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्यांचा वापर एका वेळी एकीचाच होतो. सुटण्यासाठी जमिनीवर रांग आणि उतरण्यासाठी आकाशात घिरट्या हे तिथे नेहमीचे आहे. लांबच्या प्रवासात ही पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांत भरत नाहीत, जवळच्या प्रवासात भरतात. मुंबई ते गोव्यातले मोपा हे हवाई अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या तक्त्याच्या रीतीने ते २६ मिनिटांत संपायला हवे. वेळापत्रकात सव्वा तास असतो, कारण वर चढणे आणि खाली उतरणे यांतच अर्ध्याहून अधिक प्रवास होऊन जातो आणि पूर्ण वेग गाठून तो टिकवायला मधे फारसे अंतर उरतच नाही.

अंतर एक आणि वेळ अनेक, ही गोष्ट कोकणातल्या वाचकाला नवी वाटणार नाही. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक आपल्याकडे घरोघर ठाऊक असते. मुंबई–मडगाव वंदे भारत एरव्ही पावणेआठ तासांच्या आसपास पोचते, पावसाळ्यात तिला दहा तास दिलेले असतात. रूळ तेच, डबे तेच, पण दरडींच्या आणि पाण्याच्या भीतीने वेग कमी ठेवावा लागतो. रेल्वे प्रशासन हे आधी जाहीर करते, वर्तमानपत्रे ते छापतात आणि लोक त्याप्रमाणे आपले बेत आखतात. रेल्वेच्या बाबतीत वर्षाला दोन वेळापत्रके छापायला आपल्या दैनिकाला जड जात नाही, तर विमानाच्या तक्त्यात जाण्याचा आणि येण्याचा असे दोन रकाने का नसावेत?

आणि कोकणच्या आवृत्तीपुरती आणखी एक अपेक्षा आहे. आमच्या भागातून आखातात जाणाऱ्या माणसाच्या प्रवासात प्रत्यक्ष उडण्याचा वेळ पाचवा हिस्साही भरत नाही. विजयदुर्गाहून तळेऱ्यापर्यंतचा रस्ता, पुढे गाडी पकडण्यासाठी स्टेशन, रात्रभराची रेल्वे, पहाटे मुंबईत उतरून विमानतळ गाठणे, उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहणे, आणि मग कुठे ते सव्वातीन तास. महामार्गाने जायचे ठरवले तर चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे आणि कुठल्या टप्प्यावर किती वेळ जाईल हे चालकही सांगू शकत नाही. आंबा बागायतदारांनाही हा हिशेब चांगला कळतो. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर; त्यामुळे देवगडचा हापूस त्या देशाच्या विमानात चढण्याआधी वाशी किंवा लासलगावपर्यंत ट्रकने जातो आणि विमानातले पंधरा-सोळा तास हा त्याच्या एकूण प्रवासाचा लहानसा भाग ठरतो.

सुदैवाने गेल्या काही वर्षांत आमच्यापुढचे पर्याय वाढले आहेत. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये, आणि नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. चिपीहून उड्डाणे मोजकी आणि त्यांचा भरवसा कमी, हा भाग वेगळ्या पत्राचा आहे. पण सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर आहे, आणि पनवेलला रेल्वेतून उतरणाऱ्याला नवी मुंबई सहारच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या, विमानतळापेक्षा जवळ. मोपाहून मधला एक थांबा घेऊन जाणारे तिकीट कागदावर लांबचे दिसले तरी घरापासून घरापर्यंतच्या हिशेबात मुंबईच्या थेट विमानाला मागे टाकू शकते. केवळ 'मुंबईपासून' छापलेल्या तक्त्यात ही शक्यता दिसतच नाही, आणि दक्षिण कोकणातला वाचक सवयीने रात्रीची गाडी पकडून मुंबईला जातो.

तेव्हा विनंती अशी की हा तक्ता सुटीच्या आधी एकदा दुरुस्त करून छापावा. अंतराचा रकाना आहे तसा राहू द्यावा, फक्त ते गोलावरचे किमान अंतर आहे एवढे वर लिहावे. वेळ भागाकाराने न काढता कंपन्यांच्या चालू वेळापत्रकातून घ्यावा, जाण्याचा आणि येण्याचा वेगळा द्यावा, तो कोणत्या महिन्याचा आहे ते सांगावे आणि विमान थेट आहे की मधे थांबते याचा उल्लेख करावा. पृथ्वीच्या फिरण्याविषयीची टीप काढून टाकून तिच्या जागी घड्याळांमधला फरक द्यावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या अंकात शक्य असल्यास मोपा आणि नवी मुंबई यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात. पुरवणीत जागेची अडचण असते हे मान्य आहे. तशी वेळ आलीच तर शहरांची संख्या निम्म्यावर आणावी. ज्या शहरांत आमच्याकडची माणसे खरोखर जातात, ती दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, लंडन आणि अमेरिकेतली दोन-तीन, एवढी राहिली तरी कोकणातल्या वाचकाचे काम भागेल.

आपला विश्वासू,
बोटीवरून निवृत्त झालेला एक वाचक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग